जास्त वजन आणि मणक्यांचे फ्यूजन: इंदूरच्या रुग्णांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना व्यायाम शिकवण्यासाठी त्यांच्या घरी जाते. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर अशा भागांतील मराठी घरांत मला बहुतेक वेळा तेच प्रश्न ऐकायला मिळतात. वजन जास्त असलेले रुग्ण तर हे प्रश्न फार हळू आवाजात विचारतात, कारण दवाखान्यात वजनाचा विषय निघाला की आपलीच चूक दाखवली जाईल अशी भीती त्यांना वाटत असते. येथील बरेचसे बोलणे हिंदीतून होते आणि घरी परतल्यावर अर्धे विसरले जाते, म्हणून ही उत्तरे मराठीत लिहिली आहेत. आपल्या प्रकृतीविषयीचा शेवटचा निर्णय आपल्या शल्यचिकित्सकांचा आणि भूलतज्ज्ञांचाच राहील.

फ्यूजन म्हणजे "स्क्रू-प्लेट टाकणे" हेच का?

लोक असे म्हणतात खरे, परंतु स्क्रू आणि सळ्या हा केवळ आधार असतो. फ्यूजन म्हणजे शेजारचे दोन किंवा अधिक मणके एकमेकांशी जुळून त्यांचे एकसंध हाड होणे. त्यासाठी मणक्यांच्या मध्ये किंवा बाजूला हाडाचा चुरा भरतात. तो रुग्णाच्याच मणक्यातून अथवा कमरेच्या हाडातून घेतलेला असतो, किंवा बाहेरून आणलेला असतो. झिजलेल्या गादीच्या जागी बहुधा टायटेनियमचा किंवा पीक नावाच्या कठीण प्लॅस्टिकचा पोकळ ठोकळा बसवतात, त्याला केज म्हणतात. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी मुख्यतः मणक्याच्या क्षयासाठी ही शस्त्रक्रिया सुरू केली, तेव्हा आजच्यासारखे स्क्रू नव्हतेच. हाड स्वतःच्या बळावर जुळत असे. आजही खरे काम शरीरच करते आणि त्याला साधारण सहा महिने ते एक वर्ष लागते. म्हणून शस्त्रक्रिया "झाली" म्हणजे संपली असे मानू नये. जखम भरण्याची आणि हाड जुळवण्याची शरीराची क्षमता कशी आहे, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते, आणि जास्त वजनाचा प्रश्न येतो तो मुख्यतः येथे.

किती वजन म्हणजे "जास्त"?

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ९० किलो वजनाच्या व्यक्तीचा बीएमआय सुमारे ३५ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे ३० पासून पुढे स्थूलता धरतात आणि ४० पासून पुढे ती तीव्र मानतात. भारतीयांच्या शरीरात त्याच वजनाला चरबीचे प्रमाण अधिक, विशेषतः पोटावर, असते. त्यामुळे आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरण्याची पद्धत आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल तर तोही धोक्याचा इशारा आहे.

मात्र या आकड्याला फार मोठे करू नये. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या आदोल्फ केत्ले या गणितज्ञाने हे गुणोत्तर लोकसमूहांच्या अभ्यासासाठी मांडले होते; एका माणसाच्या पाठीत काय आहे हे ते सांगत नाही. कण्याच्या शस्त्रक्रियेत पाठीवर, नेमक्या छेदाच्या जागी, त्वचेपासून हाडापर्यंत चरबीचा थर किती जाड आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते आणि ते आपल्या एमआरआयमध्येच मोजता येते. सारखेच वजन असलेल्या दोन बहिणींपैकी एकीची चरबी पोटावर आणि दुसरीची कमरेमागे असेल, तर दोघींच्या जखमेचा धोका सारखा नसतो.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर वजनामुळे नेमकी कोणती अडचण येते?

कमरेच्या फ्यूजनची बहुतेक शस्त्रक्रिया रुग्णाला पालथे झोपवून करतात. पालथे झाल्यावर पोट दाबले गेले, तर पोटातील मोठ्या नीलेवर दाब येतो आणि परत जाणारे रक्त कण्याभोवतीच्या नीलांच्या जाळ्याकडे वळते. त्या नीलांना झडपा नसतात, त्यामुळे त्या फुगतात आणि डॉक्टर जेथे काम करत असतात तेथेच रक्तस्राव वाढतो. यासाठी पोट अधांतरी मोकळे राहील अशी खास चौकट किंवा टेबल वापरतात. मोठे पोट असेल तर ते पूर्ण मोकळे ठेवण्यास अधिक काळजी आणि वेळ लागतो, आणि टेबलाची वजन पेलण्याची मर्यादाही आधी तपासावी लागते. वजन फार असेल तर हा प्रश्न रुग्णालयाला आधीच विचारावा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

याशिवाय छेद खोल होतो, हत्यारे लांब लागतात, स्नायू बाजूला धरून ठेवण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो आणि एक्स-रेची प्रतिमा धूसर येते, त्यामुळे स्क्रूची दिशा पडताळण्यास वेळ जातो. वेळ वाढला की रक्तस्राव, संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या या तिन्हींचा धोका वाढतो. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला चीर पडण्याची शक्यताही थोडी अधिक असते. बराच काळ पालथे राहिल्याने छाती, गुडघे, चेहरा यांवर दाब येतो; मांडीच्या पुढच्या बाजूला बधिरपणा राहिला तर तो बहुधा तेथील त्वचेच्या नसेवर आलेल्या दाबामुळे असतो आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. लहान छेदातून, नळीच्या साह्याने करावयाच्या शस्त्रक्रियेत स्नायू कमी फाडले जातात, म्हणून स्थूल रुग्णांसाठी ती पद्धत अनेकदा विचारात घेतात. परंतु ती प्रत्येक आजाराला लागू पडत नाही, आणि ज्यांचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे त्यांच्याकडून तीच करून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते.

घोरण्याचा आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेचा काय संबंध?

फार जवळचा आहे, आणि सर्वांत अधिक लपवली जाणारी गोष्ट हीच आहे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास मध्येच थांबणे, दिवसा डोळा लागणे, जोडीला उच्च रक्तदाब असणे ही झोपेतील श्वासरोधाची चिन्हे आहेत. अशा व्यक्तीला भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाऊ शकते, आणि शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या तीव्र वेदनाशामकांमुळे पहिल्या एकदोन रात्री श्वास धोकादायक रीतीने मंद होऊ शकतो. शेजारी झोपणाऱ्या माणसालाच हे खरे ठाऊक असते, म्हणून भूलतज्ज्ञांच्या तपासणीला पत्नीने किंवा पतीने सोबत जावे. घरी श्वासाचे यंत्र, म्हणजे सीपॅप, असेल तर ते रुग्णालयात बरोबर न्यावे.

जखम चिघळण्याचा धोका खरोखरच वाढतो का?

होय, आणि या विषयात सर्वांत ठामपणे सांगता येण्यासारखी हीच गोष्ट आहे. चरबीच्या थरात रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी आणि प्रतिजैविक दोन्ही तेथे अपुऱ्या प्रमाणात पोहोचतात. टाके घातल्यावर चरबीत पोकळी राहते, तीत द्राव साचतो आणि जंतूंना जागा मिळते. वजनाबरोबर मधुमेह असेल तर धोका अधिक वाढतो. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, पाहतात. तो ८ टक्क्यांच्या वर असेल तर अनेक शल्यचिकित्सक तारीख पुढे ढकलतात. घरचे लोक त्यामुळे नाराज होतात. माझे मत विचाराल तर ती तारीख पुढे जाऊ द्यावी. धातूभोवती संसर्ग झाल्यास पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते आणि नंतर कित्येक आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागतात. त्यापुढे साखर सुधारण्यासाठी दिलेले दोन महिने काहीच नाहीत.

छेद देण्यापूर्वीच्या तासाभरात दिले जाणारे प्रतिजैविक वजनाप्रमाणे ठरते. सेफाझोलिन हे औषध प्रौढांना साधारणतः २ ग्रॅम देतात, परंतु १२० किलो किंवा त्याहून अधिक वजनाला ३ ग्रॅम देण्याचा प्रघात आहे. म्हणून आपले खरे वजन सांगावे आणि शक्य तर रुग्णालयातच काट्यावर करून घ्यावे. लाजेने दहा-पंधरा किलो कमी सांगितलेले मी पाहिले आहे. तेथे नुकसान आपलेच होते.

वजनामुळे हाड जुळतच नाही, हे खरे आहे का?

असे सरसकट म्हणता येत नाही. स्थूल व्यक्तींमध्येही बहुतेकांचे हाड जुळते. हाड न जुळण्यामागे वजनापेक्षा तंबाखूचा वाटा अधिक स्पष्टपणे दिसून आला आहे, कारण निकोटीन लहान रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि नवे हाड तयार करणाऱ्या पेशींच्या कामात अडथळा आणते. आमच्या माळव्यात विडी-सिगारेट न ओढणारे पुष्कळ पुरुष "मी धूम्रपान करत नाही" असे खरे तेच सांगतात आणि खिशातील जर्द्याची पुडी मात्र मोजत नाहीत. गुटखा आणि जर्दा यांतूनही निकोटीनच जाते. निदान चार ते सहा आठवडे आधीपासून आणि हाड जुळेपर्यंत नंतरही ते पूर्ण बंद असावे. ड जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्यावी; ते चरबीत विरघळते आणि स्थूल व्यक्तींच्या रक्तात त्याची पातळी बहुधा कमी सापडते.

"पहले वज़न कम कीजिए" एवढेच सांगून परत पाठवले. चालताच येत नाही, तर वजन कमी कसे करायचे?

ही तक्रार मी सर्वाधिक ऐकते आणि ती रास्त आहे. सल्ला चुकीचा नसतो, पण अर्धवट असतो. किती, किती दिवसांत आणि कोणाच्या मदतीने, हे सांगितल्याशिवाय तो निरुपयोगी ठरतो. पुढच्या भेटीत हे तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत.

प्रथम अपवाद सांगते. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे अथवा पायातील ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर वजनासाठी थांबायचे नसते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाकीच्या नियोजित शस्त्रक्रियांसाठी काही महिन्यांचा अवधी असतो. त्यात आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे १०० किलोच्या माणसाने पाच ते दहा किलो, कमी करणे शक्य आणि पुरेसे उपयुक्त असते. चालणे जमत नसेल तर पाण्यात चालणे, पाठ टेकून स्थिर सायकल चालवणे, खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करणे यांनी हालचाल टिकते. ज्यांच्या मज्जारज्जूची नळी अरुंद झाली आहे त्यांना किंचित पुढे वाकल्यावर बरे वाटते, म्हणून सायकल सोसते पण चालणे सोसत नाही. हा आळस नव्हे. तरीही वजन प्रामुख्याने आहारानेच उतरते.

आणि येथे इंदूरचा विषय निघणारच. सकाळचे पोहे-जिलेबी सोडा असे सांगितले तर कोणी ऐकणार नाही आणि मीही तसे सांगत नाही. पोहे राहू द्यावेत, जिलेबी मात्र सोडावी, पोह्यांवरची शेव चिमूटभर ठेवावी आणि साध्या पोह्यांऐवजी उसळ-पोहे घ्यावेत, कारण त्यात कडधान्य असते. दाल-बाफल्याच्या जेवणात डाळ पोटभर आणि तुपात बुडवलेला बाफला (कणकेचा उकडून भाजलेला गोळा) एकच, असे करता येते. रात्री उशिरा सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस आणि रबडी खाणे हे मात्र या काही महिन्यांसाठी खरोखर थांबवावे. जेवण झाल्यावर घेतलेले ते दुसरे जेवणच असते.

उलट्या टोकालाही जाऊ नये. शस्त्रक्रियेआधी पंधरा दिवस केवळ फळांवर राहणारे, श्रावणातले उपास लांबवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्याने वजन उतरते, पण स्नायू आणि प्रथिनांचा साठाही उतरतो, आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन दर डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅमच्या खाली असले की जखम भरण्यास अडचण येते. वजनदार माणूस कुपोषित असू शकतो, हे घरच्यांना पटवणे फार कठीण जाते. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर उंचीनुसार योग्य असलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. वरण, उसळी, ताक, पनीर, चालत असल्यास अंडी यांची गणती आहारतज्ज्ञांकडून करून घ्यावी.

वजन कमी करण्याची इंजेक्शने किंवा पोटाची शस्त्रक्रिया आधी करावी का?

२०२५ पासून भारतातही टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने वजनासाठी मिळू लागली आहेत. त्यांनी वजन चांगले उतरते, परंतु जठर रिकामे होण्याची गती मंदावते. उपाशी असूनही पोटात अन्न राहिले तर भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. इंजेक्शन चालू ठेवायचे, थांबवायचे की आदल्या दिवशी पातळ आहार घ्यायचा, हे भूलतज्ज्ञ ठरवतील. आपण ते घेत आहोत हे सांगणे आपले काम. मधुमेहासाठीच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, मात्र तेही डॉक्टरांना विचारूनच.

बीएमआय ४० च्या आसपास किंवा वर असेल आणि कण्याची शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर आधी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया हा गंभीरपणे विचार करण्याजोगा पर्याय आहे. तिच्यानंतर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने यांचे शोषण कमी होऊ शकते व हाडांची घनताही घटू शकते, म्हणून दोन्ही शस्त्रक्रियांत पुरेसे अंतर ठेवून रक्ततपासण्या सुधारल्यावरच फ्यूजन करतात.

वजन जास्त असलेल्यांना शस्त्रक्रियेचा फायदा कमी होतो का?

धोके वाचून निराश होणाऱ्यांनी हे उत्तर जरूर वाचावे. योग्य कारणासाठी, उदाहरणार्थ मणका पुढे सरकून नसा दबल्या असतील तर, स्थूल रुग्णांच्याही वेदना आणि चालण्याची क्षमता शस्त्रक्रियेनंतर लक्षणीय सुधारते. शेवटी त्रास मोजणाऱ्या प्रश्नावलीतील त्यांचे गुण सडपातळ रुग्णांपेक्षा काहीसे वाईट दिसू शकतात, पण ते सुरुवातच अधिक त्रासातून करतात. मिळालेली सुधारणा मात्र बऱ्याचदा तितकीच असते. केवळ वजनाच्या आकड्यावरून कोणाला कायमचा नकार देणे मला योग्य वाटत नाही. त्याचबरोबर, केवळ कंबरदुखी आहे, नस दबलेली नाही आणि मणका अस्थिरही नाही, अशा वेळी फ्यूजनची घाई करू नये, मग वजन कितीही असो. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांत उठायचे? घरी काय तयारी ठेवावी?

डॉक्टरांनी मना केले नसेल तर त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उभे राहून चार पावले टाकावीत. वजन जास्त असलेल्यांना "आठ दिवस आराम करू दे" असे प्रेमाने म्हणणारे नातेवाईक नकळत धोका वाढवतात, कारण पडून राहिल्याने पायातील नीलांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि फुप्फुसांचा तळ नीट उघडत नाही. घोट्यांची हालचाल, दीर्घ श्वसन आणि दर काही तासांनी थोडे चालणे हे पहिल्या आठवड्याचे मुख्य औषध आहे.

उठताना पाठ न पिळता आधी संपूर्ण शरीर एका कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसावे. अवजड व्यक्तीला एकट्या पत्नीने ओढून उठवू नये. त्यात दोघांनाही इजा होते. मजबूत, हातांची आणि उंच बैठकीची खुर्ची, उंच पलंग, कमोड आणि त्याशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, एवढी तयारी आधीच करावी. वॉकर आणि कमोडची खुर्ची विकत घेताना तिची वजनमर्यादा वाचावी. दुकानात मिळणाऱ्या साध्या खुर्च्या प्रत्येक वजनाला पुरत नाहीत. राजवाड्याजवळच्या जुन्या घरांतील अरुंद, उभे जिने चढायचे असतील तर काही आठवडे खालच्या मजल्यावर झोपण्याची सोय करावी.

कमरेचा पट्टा मोठ्या पोटावर वर सरकतो आणि फासळ्यांना टोचतो. बसलेल्या स्थितीत माप घेऊन तो घ्यावा आणि आत सुती बनियन घालावे. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने त्वचेच्या वळ्या ओल्या राहून बुरशी येते. पट्टा काढण्याची परवानगी असेल तेव्हा त्या जागा कोरड्या कराव्यात. जखमेची जागा रुग्णाला स्वतःला दिसत नाही, म्हणून घरातील एका व्यक्तीने ती रोज पाहावी.

कोणत्या लक्षणांवर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे?

जखमेतून पाणी किंवा पू येणे, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर स्राव पुन्हा सुरू होणे, ताप, आणि आधी कमी झालेली पाठदुखी दोन ते चार आठवड्यांनी एकाएकी वाढणे, यांत संसर्गाची शंका घ्यावी. एका पोटरीला सूज आणि दुखणे हे गुठळीचे, तर अचानक दम लागणे आणि छातीत कळ येणे हे गुठळी फुप्फुसात गेल्याचे चिन्ह असू शकते. त्यासाठी सकाळची वाट पाहू नये.

दुखणे गेले की वजन आपोआप उतरेल ना?

बहुतेकांचे उतरत नाही, आणि ही अपेक्षा ठेवल्यामुळेच नंतर फार निराशा होते. वेदना गेल्याने चालता येऊ लागते एवढेच. आहार तोच राहिला तर वजनही तेच राहते. शिवाय जुळलेला भाग हलत नसल्याने त्याच्या वरच्या-खालच्या मणक्यांवर भार वाढतो आणि पोटाचे वजन तो भार पुढून ओढत राहते. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर परवानगी मिळाली की पिपलियापाला येथील रीजनल पार्कसारख्या सपाट, बाके असलेल्या जागी चालणे सुरू करावे आणि दर आठवड्याला वेळ थोडा वाढवावा.

गणपतीत खाली बसून आरती आणि जेवण करता येईल का?

पहिल्या तीन महिन्यांत नाही. मांडी घालून बसताना आणि विशेषतः जमिनीवरून उठताना कंबर वाकते आणि पिळली जाते, आणि वजन जास्त असेल तर उठण्यासाठी झोका घ्यावा लागतो, तोच सर्वांत घातक असतो. पुढे एक्स-रेमध्ये हाड जुळत आल्याचे दिसल्यावर आम्ही पाटाऐवजी उंच चौरंगापासून सुरुवात करून हळूहळू खाली बसण्याचा सराव करून घेतो. काहींना तो जमतो, काहींना नाही. तोवर गणपतीच टेबलावर बसवावा, म्हणजे पूजा खुर्चीत बसून सोवळ्यात करता येते. गेल्या काही वर्षांत मी जात असलेल्या घरांपैकी कितीतरी घरांत तसे झाले आहे, आणि आजींनीही त्याला हरकत घेतलेली नाही.